काकूंच्या नावावर आठ लाख बाट

माझं ऑफिस सांगलीच्या माधवनगरात, वारांच्या नावाच्या पेठांपैकी एकीत आहे. खाली हळदीचं अडत दुकान, वर मी. सीए म्हणून माझं रोजचं काम हळद-बेदाण्याच्या व्यापाऱ्यांचे हिशेब, जीएसटी आणि विवरणपत्रं हेच. पण गेली काही वर्षं टेबलावर आणखी एक फाईल येऊ लागली आहे आणि तीच मी सगळ्यांत मन लावून करते. परदेशात मुलाजवळ राहायला निघालेल्या आईवडिलांच्या पैशाची ही फाईल.

विश्रामबागेत १९४७ साली इंजिनिअरिंग कॉलेज, आजचं वालचंद, सुरू झालं, तेव्हापासून या भागातली पोरं बाहेर पडताहेत. वालचंदमधून पुणे, पुण्यातून बेंगळुरू, तिथून टोरांटो नाहीतर मेलबर्न. त्यांचे आईवडील आता सत्तरीला आले. पूर्वी टुरिस्ट व्हिसा काढायचा, लेकीचं बाळंतपण उरकायचं आणि परत यायचं, एवढंच असे. आता दोघांनाच इथं घर सांभाळणं झेपत नाही, त्यामुळे प्रश्न राहण्याचा असतो. आणि राहायचं म्हटलं की प्रत्येक देश पैशाचं विचारतो. कुणाचा पैसा, किती, कुठं ठेवलेला, किती दिवस, हे मात्र ज्याचं त्याचं वेगळं.

कॅनडा मुलाचा पगार बघतो. तिथला सुपर व्हिसा २०११ च्या डिसेंबरात आला आणि २०२२ च्या जुलैपासून त्यावर एका वेळी पाच वर्षं राहता येतं. मुलाचं उत्पन्न ठरलेल्या रेषेच्या वर हवं आणि आईवडिलांचा किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा आरोग्य विमा हवा. ऑस्ट्रेलियात आईवडिलांच्या कायमच्या 'काँट्रिब्युटरी' व्हिसासाठी हमीदाराला बँकेत रक्कम अडकवावी लागते, मुख्य अर्जदाराचे १० हजार आणि जोडीदाराचे ४ हजार डॉलर, तेही दहा वर्षं. दुबई ५५ च्या पुढच्या निवृत्तांना येऊ देते, पण बचतीच्या वाटेनं जायचं तर १० लाख दिऱ्हम दाखवावे लागतात. ब्रिटननं स्वतःच्या पैशावर राहणाऱ्या निवृत्तांची वाट २००८ मध्येच बंद केली. थायलंडला मुलगा किती कमावतो याच्याशी देणंघेणं नाही. वय ५० च्या पुढं हवं आणि पैसा तुमचा स्वतःचा हवा. बँकेतून दाखवायचा तर ८ लाख बाट, म्हणजे अडीच रुपयांहून थोडा जास्त एक बाट धरला तर वीस लाखांच्या थोडं वर.

वीस लाख ही रक्कम आमच्याकडच्या बागायतदार घराला घाबरवत नाही. माझ्यासमोर बसलेला माणूस पहिल्यांदा म्हणतो तेही तेच. "ताई, पैशाची काळजी नको, आठ दिवसांत उभे करतो." मेहुण्याकडून पाच, अडत्याकडून उचल पाच, सोसायटीतून काही, भावाच्या खात्यातून काही, असे पैसे खरंच आठ दिवसांत उभे राहतात. ते खात्यावर भरायचे, बँकेचा दाखला घ्यायचा आणि दाखला मिळाला की ज्याचे त्याला परत. ही पद्धत मुलांच्या शिक्षणाच्या व्हिसापासून रुळली आहे आणि ती सांगणाऱ्याला त्यात काही गैर वाटत नाही, कारण नातेवाइकांत पैसा असाच फिरतो.

मी तिथं थांबते. माझ्या सहीच्या प्रत्येक दाखल्यावर १ फेब्रुवारी २०१९ पासून अठरा आकडी यूडीआयएन टाकावा लागतो आणि तो क्रमांक सीए इन्स्टिट्यूटच्या साइटवर घालून जगातला कुठलाही अधिकारी पडताळू शकतो. पण सहीची भीती हे माझं खरं कारण नाही. उसना पैसा भरून गेलेल्या सत्तर वर्षांच्या माणसाला तिथं पहिल्या आजारपणात काय आधार आहे? तो देश ती रक्कम मागतो ती याच दिवसासाठी. रक्कम परत मेहुण्याकडे गेली असेल तर तो म्हातारा परक्या मुलखात रिकाम्या हातानं उभा आहे. म्हणून मी नाही म्हणते आणि का ते समजावून सांगते. काहीजण दुसरीकडे जातात.

दुसरी गोष्ट समजावायला जास्त वेळ लागतो. इथं रकमेइतकाच काळाला अर्थ आहे. थायलंडमध्ये मुक्काम वाढवून घ्यायचा तर ८ लाख बाट तिथल्या बँकेत अर्जाच्या आधी दोन महिने पडून असावे लागतात, मुदतवाढ मिळाल्यावर आणखी तीन महिने त्यांना हात लावायचा नाही आणि वर्षाच्या उरलेल्या काळात शिल्लक ४ लाखांच्या खाली जाता कामा नये. २०१९ च्या मार्चपासून हा नियम आहे. आमच्या घरांमधला पैसा असा बसून राहतच नाही. हळद नऊ महिन्यांचं पीक. अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला लावण, जानेवारीपासून काढणी, मग शिजवणं, वाळवणं, पॉलिश, आणि मार्केट यार्डात सौदा. पट्टी हातात येते तेव्हा तिच्यावर खताचं, मजुरीचं, सोसायटीचं देणं आधीच बसलेलं असतं. उरतं ते मे महिन्यात लग्नाला नाहीतर विहिरीला जातं. वर्षाकाठी पंधरा-वीस लाखांची उलाढाल असलेल्या घराच्या पासबुकात ऑगस्टमध्ये चाळीस हजार दिसतात. शिवाय शेतीचं उत्पन्न करमुक्त, म्हणून विवरणपत्रही बारीक. सातबारा आणि आठ अ पाहून मला कळतं की हे घर भक्कम आहे. बँकॉकमधल्या इमिग्रेशनच्या टेबलावरच्या माणसाला ते कसं कळावं?

म्हाताऱ्या माणसांना मी हरिपूरच्या पेवांचं उदाहरण देते. जमिनीखालच्या त्या खोल खड्ड्यांत हळद घालून तोंड बंद केलं की ती वर्षानुवर्षं कीड न लागता राहायची. पेव भरलेलं असेपर्यंत व्यापाऱ्याची पत असायची, पण पेव फोडलं की तो माल बाजारचा झाला. २००५ च्या पुरात पाणी शिरून त्यातली बहुतेक पेवं गेली, तरी साठीच्या पुढच्या माणसाला एवढं सांगितलं की पुरतं. थायलंडच्या बँकेतली ठेव म्हणजे तोंड बंद केलेलं पेव. मग तो विचारतो, "मग खायचं कशावर?" हाच विचारायला हवा असा प्रश्न आहे. ठेवीची रक्कम बाजूला काढून महिन्याचा खर्च वेगळा लागतो, हे तेव्हा त्याला स्वतःलाच कळतं.

माझ्याकडे आलेल्या फायलींत जी मला सगळ्यांत जास्त शिकवून गेली, ती माधवनगरातल्याच एका जोडप्याची. काका एका कारखान्यातून निवृत्त झालेले, वडिलोपार्जित अडीच एकर हळद. काकू जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होत्या. एकुलता मुलगा बँकॉकला नोकरीत, सूनही नोकरी करणारी, नातू लहान. काकांनी सगळी तयारी करून आणली होती. मुख्य अर्जदार ते स्वतः, काकू त्यांच्यावर अवलंबून. नियमात ते बसतं. दोघांत एकानं ८ लाख दाखवले की जोडीदाराला त्याच्या आधारानं राहता येतं.

मी दोघांचीही पासबुकं मागितली. काकांच्या खात्यात वर सांगितलं तसंच होतं. मोठे आकडे येत होते आणि टिकत नव्हते. एक मोठी रक्कम पुतण्याला दिलेली, तिचा कागद नाही. सोनं होतं, प्लॉट होता, माणसांकडून येणं होतं. काकूंची पासबुकं त्यांनी पिशवीतून अगदी शेवटी काढली. दर महिन्याला पेन्शन जमा, त्यातून थोडं काढलेलं, बाकी तसंच. निवृत्तीच्या वेळी मिळालेली ग्रॅच्युइटी आणि भविष्य निर्वाह निधीची रक्कम, दोन्ही एकाच एफडीत, २०१८ पासून दर मुदतीला नव्यानं फिरवलेली. पैसा कुठून आला हे सांगायला जिल्हा परिषदेचा आदेश, कोषागाराचा कागद, बँकेची नोंद, सगळं एका ओळीत लागत होतं.

मी म्हटलं, "काका, मुख्य अर्जदार काकूंना करायचं."

काका थोडा वेळ गप्प बसले. त्यांना राग आला नव्हता, पण घरातल्या पैशाचं चित्र त्यांच्या डोक्यात चाळीस वर्षं एका तऱ्हेचं होतं आणि ते माझ्या टेबलावर बदलत होतं. काकूंनी मला विचारलं, "माझे एवढे आहेत का?" त्यांना खरंच माहीत नव्हतं. पस्तीस वर्षं नोकरी केलेल्या बाईला आपल्या नावावर किती आहे याची बेरीज कधी कुणी करून दाखवली नव्हती. ती मी केली, कागदावर, त्यांच्यासमोर. माझ्या पेशात ज्या थोड्या कामांचं मला मनापासून समाधान आहे, त्यांतलं ते एक.

मग सुरू झाली ती नावाची कसरत. बँकेत 'सौ.' लावलेलं नाव, पेन्शनच्या कागदावर नवऱ्याच्या नावासकट पूर्ण नाव, पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात आणि स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त. आपल्याकडे हे कुणाला खटकत नाही. परदेशी अधिकाऱ्याला मात्र त्या तीन वेगळ्या बायका दिसतात. बँकेत नाव दुरुस्त करून घेतलं, प्रतिज्ञापत्र केलं, एफडीवरचं काकांचं दुसरं नाव उतरवलं, कारण ठेव एकटीच्या नावावर असली की शंकेला जागा उरत नाही. एफडीची मुदत संपायची वाट पाहिली, म्हणजे मोडल्याचा दंड नको. मग रक्कम बचत खात्यात घेतली आणि तशीच राहू दिली. पोलीस दाखला, वैद्यकीय दाखला, विमा हे सगळं बाजूनं चालू होतं. विम्याचा हप्ता काकूंच्या वयाला बराच जड गेला आणि तो दरवर्षी जड होत जाणार, हे मी दोघांना लिहून दिलं.

पहिलं वर्ष इथल्या बँकेतल्या शिल्लकेवर निभावलं. तिथं मुक्काम वाढवायची वेळ आली तेव्हा पैसा थायलंडमध्ये न्यायचा होता, आणि या कामातला सगळ्यांत अवघड भाग तोच.

भारतात राहणारा माणूस रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेखाली वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवू शकतो. रक्कम मोठी वाटते, पण तिला दोन अटी चिकटलेल्या आहेत. पहिली टीसीएसची. १ एप्रिल २०२५ पासून वर्षाला १० लाखांच्या वर जे जाईल त्यावर, शिक्षण, उपचार असे काही अपवाद सोडले तर, २० टक्के बँक आधीच कापून घेते. एकवीस लाख पाठवले तर वरच्या अकरा लाखांवर दोन लाख वीस हजार. विवरणपत्रात ते परत मिळतात, पण तोवर तेवढे आणखी हाताशी लागतात. दुसरी अट मला जास्त छळते. २०२२ च्या ऑगस्टपासून असा नियम आहे की बाहेर पाठवलेला पैसा खर्च झाला नाही, गुंतवला गेला नाही, तर १८० दिवसांत तो परत आणायचा. म्हणजे एक देश म्हणतो पैसा हलवू नका आणि दुसरा म्हणतो नुसता पडू देऊ नका. या दोन वाक्यांच्या मधे एक निवृत्त शिक्षिका उभी असते. कुणी सल्लागार तिला सांगतो, पाठवा हो, कोण विचारतंय. असा सल्ला देणं मला पटत नाही. विचारणारा कुणी आला तर नोटीस तिच्या नावानं निघेल, सल्लागाराच्या नाही.

खरी वाट वेगळी होती आणि ती एका साध्या प्रश्नातून जात होती. काकू तिथं राहायला गेल्या आहेत की जाऊन-येऊन करणार आहेत? फेमा कायदा माणसाचा इरादा पाहतो. अनिश्चित काळासाठी राहायच्या हेतूनं जो देश सोडतो तो अनिवासी. तसं असेल तर इथलं खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी माणसाचं, करावं लागतं आणि त्या खात्यातून, कर भरलेला असेल तर सीएच्या दाखल्यासह ठरलेले कागद करून, वर्षाला १० लाख डॉलरपर्यंत रक्कम नेता येते. त्या वाटेवर एलआरएस नाही, टीसीएस नाही, १८० दिवसांचा तो प्रश्नही नाही.

पण त्याची किंमत आहे, आणि ती आधी सांगितल्याशिवाय मी कुणाला त्या दारातून पाठवत नाही. एनआरओच्या व्याजावर ३० टक्के आणि वर उपकर असा कर मुळातच कापला जातो. ज्येष्ठांचा करकपात टाळायचा फॉर्म भरून तो टाळता येत नाही. ज्येष्ठ नागरिकांना ठेवीवर मिळणारा जादा दर जातो. व्याजावरची ज्येष्ठांची कर सवलतही जाते. म्हणजे ८ लाख बाटांच्या ठेवीचा हिशेब आठ लाखांत संपत नाही. इथं मागं राहिलेल्या प्रत्येक ठेवीवर त्याची सावली पडते.

मी व्हिडिओ कॉलवर दोघांना हे सगळं सांगितलं आणि प्रश्न विचारला. काका म्हणाले, "मी तर लावणीला येणार, काढणीला येणार. माझं घर माधवनगरलाच." काकू म्हणाल्या, "मी आले ती राहायलाच आले, ताई. नातू शाळेतून येतो तेव्हा दार मी उघडते." एवढी वर्षं एकत्र संसार केलेली दोन माणसं एका कागदी प्रश्नासाठी एकमेकांसमोर पहिल्यांदा हे बोलत होती. मी मधे काही बोलले नाही. कायद्याला दोघांचं उत्तर एकच असावं लागत नाही. काकूंचं खातं एनआरओ झालं आणि काका निवासी राहिले. काका ये-जा करतात म्हणून त्यांना दरवर्षी तिथं ३,८०० बाट भरून अनेकदा परत येण्याचा परवाना घ्यावा लागतो. तो न घेता देश सोडला तर मुक्कामाची परवानगीच संपते. हळद काढायला निघालेल्या माणसाला विमानतळावर हे कळून चालत नाही.

आणखी एक कागद आम्ही जपून ठेवला आहे. १ जानेवारी २०२४ पासून थायलंडनं नियम बदलला. वर्षात १८० दिवस किंवा जास्त तिथं राहणाऱ्यानं बाहेरचं उत्पन्न देशात आणलं तर त्यावर कर लागू शकतो, पण त्या तारखेच्या आधी कमावलेल्या पैशाला तो नाही. काकूंची रक्कम त्याच्या कितीतरी आधीची. ते सिद्ध करणारा जिल्हा परिषदेचा आदेश इंग्रजी भाषांतरासह त्यांच्या तिथल्या कपाटात आहे. वीस वर्षांपूर्वीचा कागद कधी कुठं उभा राहील सांगता येत नाही, म्हणून पासबुकं रद्दीत घालू नका असं मी प्रत्येकाला बजावते. २०१९ च्या पुरात सांगलीतल्या कित्येक घरांतली पासबुकं भिजून लगदा झाली. तेव्हापासून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाचे जुने कागद मी आधी स्कॅन करून घेते.

शेवटचं बोलणं मरणाविषयीचं होतं. ते काढताना जीभ जड होते, पण या कामात ते टाळणारा सल्लागार अर्धंच काम करतो. ठेव एकट्या काकूंच्या नावावर. उद्या काही झालं तर तिथली बँक खातं गोठवते आणि वारसांना कोर्टातून माणूस नेमून घ्यावा लागतो. काका त्यांच्या आधारानं राहत असल्यामुळे त्याच वेळी त्यांच्या राहण्याचा आधारही जातो. म्हणजे ज्या आठवड्यात माणूस गेलं त्याच आठवड्यात व्हिसा आणि पैसा दोन्ही. म्हणून दोन मृत्युपत्रं केली. एक तिथल्या वकिलाकडून, फक्त तिथल्या खात्यापुरतं. दुसरं इथलं, बाकी सगळ्यासाठी, मिरजेला नोंदवलेलं. इथल्या मृत्युपत्रात सवयीनं एक वाक्य येतं, 'यापूर्वीची सर्व मृत्युपत्रे रद्द'. ते वाक्य काढून घेतलं, नाहीतर दुसऱ्यानं पहिलं पुसून टाकलं असतं. काकांनी तेव्हाच ठरवलं की पुढच्या दोन हंगामांतून स्वतःच्या नावावरही तेवढी रक्कम बाजूला काढायची. पुतण्याकडून येणं मागायला ते त्याच आठवड्यात गेले.

आता दर वर्षी मुदतवाढीच्या तीन महिने आधी काकूंचा फोन येतो. तारीख त्यांच्या वहीत असते. अर्जाच्या दिवशी सकाळी बँकेत जाऊन पासबुक भरून घ्यायचं, त्याच दिवशीचं बँकेचं पत्र घ्यायचं, हे आता मला सांगावं लागत नाही. तिथल्या देवळात भेटणाऱ्या दोन मराठी बायकांना त्यांनी एकटीच्या नावानं खातं कसं उघडायचं ते शिकवलं. गेल्या खेपेला त्यांनी मला विचारलं की त्यांच्या एका मैत्रिणीच्या नावावर काहीच नाही, नवरा सगळं बघतो, तर तिनं सुरुवात कुठून करावी. मी म्हटलं, तिच्या नावाचं जे काही जुनं पासबुक असेल ते घेऊन बसवा तिला कॅमेऱ्यासमोर. रविवारी अकराला मी मोकळी आहे.